फादर ग्रेगोर मेंडेल : मठाच्या बागेतील धीराचा शेतकरी



६ जानेवारी ही तारीख आली की आपल्याला ताऱ्याच्या मागे चालत गेलेल्या तीन राजांची आठवण होते. निसर्गातील एका खुणेकडे त्यांनी नीट पाहिले, तिच्यावर विश्वास ठेवला आणि ती खूण त्यांना गव्हाणीपर्यंत घेऊन गेली. याच सणाच्या दिवशी, ६ जानेवारी १८८४ रोजी, मध्य युरोपातील ब्रनो शहरात एक अगस्तीनियन मठाधिपती प्रभूच्या घरी गेले. त्यांनीही आयुष्यभर निसर्गाच्या खुणा वाचल्या. त्यांचे नाव फादर ग्रेगोर मेंडेल.

आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आला की मेंडेल यांचे वाटाणे येतातच. परंतु हा शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता, मिस्सा अर्पण करीत होता आणि वाटाण्यांचे सगळे प्रयोग त्याने मठाच्या बागेत केले, हे अनेक मुलांना माहीत नसते. म्हणून या रविवारी आम्ही त्यांची जीवनकथा आपल्यासमोर ठेवीत आहोत.

शेतकऱ्याचा मुलगा

योहान मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात असून त्याला हिंचित्से म्हणतात. वडील आन्तोन शेतकरी होते. स्वतःची जमीन असली तरी आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या कामावर वेठीने राबावे लागे. आई रोझिना माळ्याच्या घराण्यातली. योहानला दोन बहिणी होत्या, मोठी वेरोनिका आणि धाकटी तेरेझिया.

गावाच्या धर्मग्रामाचे फादर श्रायबर यांना फळझाडांची मोठी हौस. आपल्याकडे आंब्याची कलमे बांधतात, तशी ते सफरचंदांची आणि नासपतींची कलमे बांधत आणि गावकऱ्यांना ती विद्या शिकवीत. आन्तोन मेंडेल त्यांच्याकडून शिकले आणि योहान वडिलांच्या हाताखाली शिकला. एका धर्मगुरूने गावाच्या भल्यासाठी सुरू केलेला हा उद्योग पुढे कुठवर जाणार आहे, याची त्यांना कल्पनाही नसावी.

मुलगा हुशार निघाला. शिक्षकांनी आणि फादरांनी आग्रह केला म्हणून आईवडिलांनी त्याला दूरच्या शाळेत घातले. पैशांची ओढाताण होतीच. १८३८ साली वेठीचे काम करीत असताना वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. सोळा वर्षांच्या योहानला घरून मदत येणे बंद झाले. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तो शिकू लागला. अर्धपोटी राहणे आणि काळजी यांमुळे तो वरचेवर आजारी पडे, महिनोन् महिने घरी येऊन अंथरुणाला खिळे.

अशा वेळी धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या हुंड्यातील वाटा तिने भावाच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. मेंडेल हे ऋण विसरले नाहीत. पुढे तेरेझियाच्या तीन मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि त्यांतील दोघे डॉक्टर झाले. विज्ञानाच्या पुस्तकात तेरेझियाचे नाव सहसा आढळत नाही. परंतु ती नसती तर तो धडाही तिथे नसता.

मठात प्रवेश

ओलोमोउत्स येथील शिक्षण पूर्ण होत आले तेव्हा पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी त्यांचे नाव ब्रनो येथील संत थॉमस मठासाठी सुचविले. ऑक्टोबर १८४३ मध्ये योहान त्या अगस्तीनियन मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

मठाधिपती सिरिल नाप हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. मठात मोठे ग्रंथालय होते, बाग होती, आणि व्रतस्थांमध्ये तत्त्वज्ञ, संगीतकार, वनस्पतींचे जाणकार होते. त्या भागातील मेंढपाळांना आणि बागायतदारांना चांगल्या जातीची पैदास कशी करावी, हा प्रश्न नेहमी पडे. चांगल्या लोकरीच्या मेंढ्याची पिल्ले कधी बापासारखी निघत, कधी नाही. असे का होते, हा विचार नाप यांच्याही मनात घोळत असे.

नव्या धर्मगुरूला प्रथम रुग्णसेवेचे काम मिळाले. पण मरणासन्न माणसांच्या वेदना पाहून मेंडेल स्वतःच आजारी पडू लागले. नाप यांनी त्यांना दोष दिला नाही. या माणसाची हाक वेगळी आहे हे त्यांनी ओळखले आणि १८४९ साली त्यांना झ्नोइमो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठविले. तिथे मेंडेल खुलले. विद्यार्थ्यांना ते फार आवडत.

तरीही कायम शिक्षक होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. मठाधिपतींनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. १८५१ ते १८५३ या काळात तिथे ते भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. ध्वनीच्या अभ्यासामुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते डॉप्लर हे त्यांचे एक शिक्षक होते. १८५६ साली मेंडेल पुन्हा परीक्षेला बसले आणि पुन्हा अपयश आले. मग ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवीत राहिले. ज्यांच्यावर आज जगभरातल्या परीक्षांत प्रश्न विचारले जातात, ते स्वतः शिक्षकाची परीक्षा कधीच उत्तीर्ण झाले नाहीत! आपल्या घरात एखादे मूल परीक्षेत मागे पडले असेल, तर पालकांनी ही गोष्ट त्याला जरूर सांगावी.

वाटाण्याच्या वाफ्यात

त्याच १८५६ साली मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग सुरू केले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी बियाणे विकणाऱ्यांकडून चौतीस जाती आणून नुसत्या लावून पाहिल्या होत्या. कोणती जात वर्षानुवर्षे तशीच उगवते याची खात्री झाल्यावर त्यांतील बावीस त्यांनी ठेवल्या. मठाधिपतींनी त्यांच्यासाठी काचगृह बांधून दिले होते. बागेतला वाफा सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान वाडीएवढाही नव्हता.

वाटाण्याचे फूल बंद असते आणि त्याचे परागण आतल्या आत होते. मेंडेल कळी उमलण्याआधीच ती हलक्या हाताने उघडीत, चिमट्याने पुंकेसर काढून टाकीत, दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावीत आणि बाहेरचा पराग येऊ नये म्हणून फुलावर कापडाची छोटी पिशवी चढवीत. असे हजारो वेळा त्यांनी केले. १८६३ पर्यंत सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्यांच्या हाताखालून गेली.

त्यांच्या आधीही अनेकांनी संकर केले होते. पण ते सगळे झाड एकदम पाहत आणि गोंधळून जात. मेंडेल यांनी सात गोष्टी निवडल्या : दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, अशा. आणि मग त्यांनी मोजले. पिवळ्या दाण्याच्या आणि हिरव्या दाण्याच्या जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे निघाले. हिरवा रंग नाहीसा झाला, असे कोणीही म्हटले असते. मेंडेल यांनी तेच दाणे पेरले. दुसऱ्या पिढीत ६०२२ दाणे पिवळे आणि २००१ हिरवे मिळाले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचे आकडे होते ५४७४ आणि १८५०. प्रत्येक गुणात तीनास एक असेच प्रमाण येई.

याचा अर्थ त्यांनी असा लावला. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. पुढच्या पिढीला त्या दोहोंपैकी एकच दिला जातो, आणि कोणता दिला जाईल हे नाणे उडवल्यासारखे असते. पिवळ्याचा घटक प्रभावी, हिरव्याचा अप्रभावी. दोन्ही एकत्र असले तर दाणा पिवळा दिसतो; पण हिरव्याचा घटक आत जसाच्या तसा असतो. तो विरघळत नाही, फिका पडत नाही. योग्य जोडी जमली की नातवंडांत पुन्हा बाहेर येतो.

याच घटकांना आज आपण जनुके म्हणतो. मेंडेल यांनी त्यांतील एकही डोळ्यांनी पाहिले नव्हते. मोजणी आणि विचार यांच्या बळावर त्यांनी न दिसणारी गोष्ट ओळखली.

कोणी दखल घेतली नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनो येथील निसर्ग अभ्यासक मंडळापुढे मेंडेल यांनी आपले संशोधन वाचून दाखविले. १८६६ साली ते छापून आले. त्यांनी निबंधाच्या चाळीस प्रती काढून घेतल्या आणि काही नामवंतांना पाठविल्या. जर्मनीतील म्युनिक शहरातले प्राध्यापक नेगेली यांच्याशी त्यांचा काही वर्षे पत्रव्यवहार चालला. पण नेगेली यांना वाटाण्याचे महत्त्व पटले नाही. ते ज्या रानफुलाचा अभ्यास करीत होते, त्यावर प्रयोग करून पाहावेत असे त्यांचे मत होते. मेंडेल यांनी डोळे दुखेपर्यंत ते काम केले, आणि वाटाण्याचा नियम तिथे लागू पडेना. त्या फुलाच्या बिया बहुधा परागणाशिवायच तयार होतात, हे फार पुढे कळले. मेंडेल यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्तसभेने मेंडेल यांचे काम दडपले, असे कधी कधी ऐकू येते. त्यांनी आधी उंदरांच्या रंगांवर प्रयोग सुरू केले होते आणि बिशपांना ते आवडले नव्हते, असे सांगितले जाते. पण वाटाण्यांच्या कामाला जमीन, काचगृह, पैसा आणि वेळ मठानेच दिला. दखल घेतली नाही ती त्या काळच्या विद्वानांनी. एक बदली शिक्षक, तोही मठातला, झाडांचे हिशेब मांडतो आहे, यात त्यांना काही विशेष दिसले नाही.

मठाधिपती मेंडेल

१८६७ साली नाप यांचे निधन झाले आणि मार्च १८६८ मध्ये मेंडेल यांची मठाधिपती म्हणून निवड झाली. आता मठाच्या जमिनी, हिशेब, धर्मग्रामे यांचा भार त्यांच्यावर आला. वाटाण्याचे वाफे मागे पडले. तरी त्यांनी मधमाश्या पाळल्या, रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवल्या, आणि १८७० साली ब्रनो शहरावर चक्रीवात आला तेव्हा त्याचे बारकाईने वर्णन लिहून काढले.

शेवटची दहा वर्षे कष्टाची गेली. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला. तो अन्यायकारक आहे असे मेंडेल यांचे ठाम मत होते. त्यांनी तो भरण्यास नकार दिला आणि मरेपर्यंत अर्ज लिहीत राहिले. हळूहळू मित्र दुरावले. मूत्रपिंडाचा आजार बळावला. तीन राजांच्या सणाच्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, तेव्हा शहराने एक दयाळू मठाधिपती आणि गरिबांचा आधार गमावला म्हणून शोक केला. अंत्यविधीच्या मिस्सेचे संगीत त्याच मठात गायन शिकलेल्या लेओश यानाचेक यांनी सांभाळले. पुढे ते जगप्रसिद्ध संगीतकार झाले. शास्त्रज्ञ गेला, असे मात्र त्या दिवशी कोणाला वाटले नाही.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०० साली, तीन वेगवेगळ्या देशांतील दे व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक हे तीन वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमापाशी पोचले. जुने साहित्य चाळताना त्यांना दिसले की एका धर्मगुरूने हे चौतीस वर्षांपूर्वीच छापून ठेवले आहे. हिरवा दाणा एक पिढी लपून पुन्हा उगवतो, तसेच त्या निबंधाचे झाले. पुढे १९३६ साली फिशर या गणितज्ञाने मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा फारच जुळतात अशी शंका काढली आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण नियम मात्र त्यानंतरच्या असंख्य प्रयोगांत खरा ठरला आहे.

वाटाण्यापासून अजगरापर्यंत

हा नियम आज कुठे कुठे वापरला जातो, याचे एक नवलाचे उदाहरण सांगतो. आमच्या तरुण मुलांनी मोबाइलवर पिवळे, पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे सुंदर साप पाहिले असतील. तो पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या भागातला लहान जातीचा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. मूळचा रंग काळा आणि तपकिरी. अमेरिका आणि युरोपात लोक तो घरी पाळतात आणि वेगवेगळ्या रंगांची पिल्ले मिळवतात. कोणती जोडी लावली तर कोणत्या रंगाची पिल्ले निघतील, याचे भाकीत ते मेंडेल यांच्याच हिशेबाने करतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ पनेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या हिशेबासाठी घरांचा एक चौकोन आखून दिला. एका बाजूला आईचे दोन घटक, दुसऱ्या बाजूला बापाचे दोन, आणि मधल्या चार घरांत पिल्लांच्या चार शक्यता.

काळा रंग अजिबात नसलेल्या पिवळ्या-पांढऱ्या सापाला अल्बिनो म्हणतात. हा गुण अप्रभावी आहे. अल्बिनो साप आणि साधा साप यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले साधीच दिसतात. नवशिक्याला वाटते, मेहनत वाया गेली. पण त्या प्रत्येक पिल्लात अल्बिनोचा एक घटक लपलेला असतो. पाळणारे अशा पिल्लाला हेट म्हणतात. अशा दोन हेटांची जोडी लावली की प्रत्येक अंड्यात अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. उरलेली जी साधी दिसतात, त्यांतील सरासरी तीनात दोन पुन्हा हेट असतात. पण कोणती, ते वरून ओळखता येत नाही. मेंडेल यांनी पिवळ्या दाण्यांच्या झाडांत हेच तीनात दोन प्रमाण पुढची पिढी पेरून सिद्ध केले होते.

एका वेळी दोन गुण घेतले तर हिशेब सोळा घरांचा होतो. अल्बिनोत काळा रंग नसतो. दुसऱ्या एका जातीत पिवळा नसतो. दोन्ही घटक लपवलेल्या नर-मादीच्या पिल्लांत सोळात एक असे निघते की त्यात काळा नाही आणि पिवळाही नाही. ते पांढरेशुभ्र असते, आणि पाळणारे त्याला स्नो म्हणजे बर्फ म्हणतात.

सगळेच गुण असे लपत नाहीत. आपल्या अंगणातील गुलबक्षी पाहा. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुले येतात, हे कोरेन्स यांनी दाखवून दिले. या अजगरातही पास्टेल नावाचा एक गुण तसाच आहे. त्याचा एक घटक असला की पिवळा रंग उजळतो. दोन असले की तो त्याहूनही उजळ होतो. पास्टेलची पास्टेलशी जोडी लावली तर चारात एक साधे, दोन पास्टेल आणि एक जास्त उजळ, अशी शक्यता असते.

कधी हिशेब चुकल्यासारखाही वाटतो. लॅव्हेंडर अल्बिनो नावाचा दुसरा एक फिका प्रकार आहे. त्याची आणि साध्या अल्बिनोची जोडी लावली तर दोन फिक्या आईबापांची पिल्ले चक्क मूळच्या गडद रंगाची निघतात. कारण दोघांतील बिघडलेले जनुक वेगवेगळे आहे, आणि आईची उणीव बाप भरून काढतो, बापाची आई. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी सापांनी टाकलेली कात तपासून २०२२ साली ही जनुके नेमकी कोणती ते दाखविले. मठाच्या बागेतला हिशेब आता कातेच्या तुकड्यातही वाचता येतो.

शक्यता म्हणजे हमी नव्हे

इथे मेंडेल यांची खरी शिकवण लक्षात घेऊ या. चारात एक याचा अर्थ चार अंड्यांत एक नक्की, असा नाही. या सापाची मादी साधारण सहा-सात अंडी घालते. सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता शंभरात सुमारे अठरा असते. प्रत्येक अंड्यासाठी नाणे नव्याने उडते. मेंडेल यांना हे माहीत होते, म्हणून तर ते चार-सहा दाण्यांवर थांबले नाहीत, हजारो मोजले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. याच अजगरात स्पायडर नावाची जाळीसारख्या बारीक रेषांची जात आहे. दिसायला फार सुंदर, आणि एकच घटक आला तरी नक्षी उमटते. पण त्या नक्षीबरोबर सापाचे डोके थरथरते, तोल जातो, काही वेळा तो उलटा पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सापांच्या कानाच्या आतील, तोल सांभाळणाऱ्या भागातच व्यंग आढळले. नक्षी ठेवून व्यंग काढून टाकणे पैदास करणाऱ्यांना जमलेले नाही. हिशेब येतो म्हणून ते पिल्लू जन्माला घालावे का? गणित या प्रश्नाचे उत्तर देत नाही. देवाची सृष्टी आपल्या हाती सांभाळण्यासाठी दिली आहे, असे मानणाऱ्या माणसाने ते उत्तर स्वतःच्या विवेकाला विचारायचे असते.

ओघाने मुलांना एक सांगणे. आपल्याकडचे साप आणि अजगर पकडणे किंवा घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांनाही आता नोंदणीचे नियम आहेत. वाडीत साप दिसला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे.

आपल्या घरांसाठी

मेंडेल यांचा हिशेब आपल्या घरांतही लागू होतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार याच नियमाने पुढच्या पिढीत जातात. सिकलसेल महाराष्ट्रात विशेषतः आदिवासी बांधवांमध्ये आढळतो आणि केंद्र सरकारने २०२३ साली त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, पण स्वतः धडधाकट, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी निघाले, आता पुढची तिघे चांगली निघतील, हा समज चुकीचा आहे. आणि पुढचे सगळे आजारीच निघतील, हाही. लग्नाआधी रक्ताची साधी तपासणी करून घेतली तर हे वेळीच कळते.

आणखी एक गोष्ट. मूल आजारी जन्मले की अजूनही काही घरांत सुनेकडे बोट दाखविले जाते. कोणी शाप म्हणतो, कोणी जुन्या पापाचे फळ. फादर मेंडेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले की एक वाटा आईचा असतो आणि एक बापाचा, आणि कोणता वाटा कोणाला मिळेल हे कोणाच्याच हातात नसते. ज्या आईने असे बोल ऐकले असतील, तिला आज कोणीतरी हे समजावून सांगावे. अशा आजाराच्या मुलांवर दोघांनी मिळून, आणि सगळ्या धर्मग्रामाने मिळून, माया करायची असते.

लपलेले बीज

मेंडेल यांच्या प्रवचनांची फार थोडी टिपणे उरली आहेत. त्यांतील एक पुनरुत्थानाच्या सणाचे आहे. पुनरुत्थित प्रभू मग्दालिया मरियेला बागेच्या माळ्याच्या रूपात दिसला, याकडे त्यांनी आपल्या ऐकणाऱ्यांचे लक्ष वेधले होते. माळी बी पेरतो, माती तयार करतो, आणि मग वाट पाहतो. बागेत आयुष्य घालविलेल्या धर्मगुरूला त्या शुभवर्तमानात आपला धनी ओळखीच्या वेशात भेटला असेल.

२०२१ साली, त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत आली असताना, ब्रनोच्या दफनभूमीतील अगस्तीनियन कबरीतून त्यांचे अवशेष आदराने बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला. ज्या मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले, तसल्या आजारांशी आणि हृदयाच्या विकारांशी संबंधित खुणा त्यांत आढळल्या. जे न पाहता त्यांनी ओळखले, ते त्यांच्याच शरीरात वाचले गेले.

तेरेझियाने हुंडा दिला, फादर श्रायबरांनी कलमे शिकविली, मठाधिपती नाप यांनी काचगृह बांधून दिले. फळ यांतील कोणीही पाहिले नाही. मेंडेल यांनीही नाही. आपल्या धर्मग्रामात असे पुष्कळ जण आहेत. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकविणारे, आजाऱ्यांकडे पवित्र साक्रामेंत घेऊन जाणारे, नातवंडांना रोज रोझरी शिकविणाऱ्या आजी. एखादी पिढी सरते आणि काहीच उगवले नाही असे वाटते. त्यांनी निराश होऊ नये. जे खरेच पेरले गेले, ते आत जसेच्या तसे असते.

हे प्रभू, तुझ्या सृष्टीचे नियम धीराने वाचणाऱ्या सर्व शास्त्रज्ञांना तुझा प्रकाश दे. आजारी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बळ दे. ज्यांच्या श्रमाची कोणी दखल घेतली नाही, त्यांची तू आठवण ठेव. आमेन.